धुळीचे पाठभेद

हायडेलबर्ग हे नाव मराठीच्या अभ्यासकाला अगदीच परके नाही. धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाची परंपरा यांचा ध्यास घेतलेले गुंथर सोन्थायमर तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवीत. तत्त्वज्ञानाच्या वाटेने गेलेल्यांना हे गाव हान्स-गेओर्ग गाडामर यांच्यामुळे ठाऊक असते. २०२५च्या जूनमध्ये मी तिथे गेले ती मात्र यांपैकी कोणत्याच कारणासाठी नव्हे. माझी भाची तिथे संख्याशास्त्रात संशोधन करते, आणि निवृत्त मावशीने एकदा तरी यावे असा तिचा हट्ट होता. मी गेले, आठ दिवस राहिले, आणि तिने सहज म्हणून दाखवलेल्या एका नकाशाने मला माझ्याच एका जुन्या लबाडीपाशी आणून सोडले. त्या दोहोंविषयी हे टिपण.

नकाशा धुळीचा होता. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात जी धूळ विखुरलेली आहे, तिचा. ही धूळ आपल्या माळ्यावरच्या धुळीसारखी नसते. तिचे कण साधारणतः मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, म्हणजे धुळीपेक्षा धुराच्या जातीचे. वाळूच्या कुळातली सिलिकेटे आणि काजळीच्या कुळातला कार्बन यांची ती मुख्यतः बनलेली असते. ताऱ्यांमधल्या एकूण द्रव्यात तिचे वजन शेकडा एकच्या आसपास. बाकी सारा वायू. पण या शेकडा एकाने केवढा पडदा धरला आहे! आकाशगंगेच्या केंद्राकडून आपल्या दिशेने निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोहोचतो.

धूळ प्रकाश नुसता अडवीत नाही, त्याचा रंगही पालटते. निळा प्रकाश तिच्यात अधिक अडकतो, तांबडा त्या मानाने निसटून येतो. गुरे घरी परततात त्या वेळी त्यांच्या खुरांनी उडालेल्या धुळीतून मावळता सूर्य पाहण्याची सवय असलेल्या आपल्या पूर्वजांनी त्या घटकेला ‘गोरज’ असे नावच देऊन ठेवले आहे. भाचीला मी हे सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, “म्हणजे धुळीवाल्यांचं सगळं काम गोरज मुहूर्तावरच चालतं म्हण ना, मावशी!” तिचे स्वतःचे संशोधन धुळीवरचे नाही, परंतु ज्या पद्धती ती रोज वापरते, त्याच या नकाशामागेही आहेत.

लहानपणी मे महिन्यात आम्ही गच्चीवर निजत असू. मध्यरात्र उलटल्यावर आकाशगंगेचा पट्टा वर येई, आणि हंस तारकासमूहापाशी त्याला मधोमध एक काळी फट पडलेली दिसे. ती फट कसली, असे मी आजीला विचारले होते. “तिथं चांदण्या संपल्या,” असे तिने सांगितले. पुढे कळले की आजीच्या मताला विल्यम हर्शेलचाही पाठिंबा होता. १७८५ सालच्या आपल्या निबंधात त्याने वृश्चिकेच्या अंगात दिसलेल्या अशाच एका रिकाम्या जागेचे वर्णन केले आहे. तिच्या कडेला ताऱ्यांचा एक दाट गुच्छ आहे. तेव्हा इथले तारे त्या गुच्छाने ओढून नेले असावेत, असा त्याचा तर्क. तर्क सुंदर होता, आणि चुकीचा होता. तिथे तारे नाहीत असे नव्हे. मध्ये धूळ आहे.

अंधार म्हणजे अभाव नव्हे, आडोसा आहे, हे मान्य व्हायला त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे लागली. एडवर्ड बर्नार्डने आकाशगंगेची छायाचित्रे घेता घेता १९१९ साली अशा १८२ काळ्या ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली, तीही बराच काळ मनाशी कचरत. याकोबुस काप्टाइनने आयुष्यभर ताऱ्यांची मोजदाद करून १९२२ साली आकाशगंगेचे जे चित्र मांडले, त्यात सूर्य जवळपास मध्यावर होता. आज आपल्याला ठाऊक आहे की सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. काप्टाइनची मोजणी चुकली नव्हती. दाट धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला चहूकडे सारख्याच अंतरापर्यंत दिसते, आणि आपणच मैदानाच्या मध्यभागी आहोत असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

हायडेलबर्गमागे क्योनिगश्टूल नावाचा डोंगर आहे. आम्ही डोंगरगाडीने वर गेलो. वर खगोलशास्त्राची माक्स प्लांक संस्था आहे, सर्पिल दीर्घिकेच्या आकाराची एक इमारत आहे, आणि जुनी वेधशाळाही आहे. या वेधशाळेत माक्स वोल्फ काम करीत असे. त्याची युक्ती मला फार आवडली, कारण ती कोणत्याही साहित्याच्या विद्यार्थ्याला समजेल. काळ्या ठिकाणी दिसणारे तारे तेजाच्या क्रमाने मोजायचे. शेजारच्या मोकळ्या आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यातले तारेही तसेच मोजायचे. आणि दोन्ही आलेख एकाखाली एक मांडायचे. ठळक तारे दोन्हीकडे सारखे सापडतात, कारण त्यांतले बहुतेक धुळीच्या अलीकडचे असतात. मग एका टप्प्यावर दोन रेषांची फारकत होते. ही फारकत कुठे सुरू होते यावरून ढग किती दूर आहे त्याचा, आणि ती किती मोठी आहे यावरून ढग किती दाट आहे त्याचा अंदाज येतो. एकाही ताऱ्याविषयी खात्रीने काही न सांगता सगळ्यांविषयी मिळून काहीतरी सांगायचे, हा संख्याशास्त्राचा मार्ग वोल्फने १९२३ साली धुळीला लावला.

निर्णायक पुरावा १९३०चा, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेच्या रॉबर्ट ट्रम्पलरचा. त्याने ताऱ्यांच्या गुच्छांची अंतरे त्यांच्या तेजावरून काढली, आणि त्या अंतरांवरून गुच्छांचे प्रत्यक्ष आकार काढले. तेव्हा गुच्छ जितका दूर, तितका तो मोठा निघू लागला. आता विश्वातले गुच्छ आपल्यापासूनचे अंतर पाहून लहानमोठे होतात असे मानायचे, की वाटेत काहीतरी प्रकाश खात आहे आणि म्हणून आपण अंतरेच फुगवून धरली आहेत असे मानायचे? ट्रम्पलरने दुसरे मानले. पुढे १९५० ते १९५२ या काळात आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांनी ग्विदो म्युंच यांच्याबरोबर एक लेखमाला लिहिली. आकाशगंगेचे तेज जागोजागी कसे कमीजास्त होते, त्या चढउतारांच्या संख्याशास्त्रावरून मधल्या धुळीच्या ठेवणीविषयी काय सांगता येईल, हा तिचा विषय. त्या काळी एकेक ढग जागेवर बसवणे शक्य नव्हते. त्यांच्या वागण्याची सरासरी रीत सांगणे शक्य होते.

आता ढग जागेवर बसवता येतात. डिसेंबर २०१३मध्ये उडालेल्या ‘गाया’ या युरोपीय यानाने जानेवारी २०२५पर्यंत आकाश मोजले. मी तिथे पोहोचण्याच्या तीन महिने आधी ते कायमचे बंद करण्यात आले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा ताऱ्यांच्या जागा किंचित सरकल्यासारख्या दिसतात, आणि त्यावरून त्यांचे अंतर कळते. गायाने अशी मोजमापे शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची दिली. शिवाय २०२२ साली सुमारे २२ कोटी ताऱ्यांच्या प्रकाशाचे ढोबळ वर्णपटही प्रसिद्ध झाले. भाचीने मला दाखवलेला नकाशा गोर्डियान एडेनहोफर आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेला. त्यांनी ५ कोटी ४० लाख तारे साक्षीला घेतले, आणि सूर्याभोवतीच्या सुमारे चार हजार प्रकाशवर्षांच्या परिसरात धूळ कुठे किती आहे ते तिन्ही मितींत मांडले. पडद्यावर ते ढग फिरवून पाहताना आपल्या गावावरचे पावसाळी आभाळ बाहेरून पाहावे तसे वाटले.

“पण धूळ तर दिसतच नाही. मग ती मांडली कशी?” मी विचारले.

भाचीने कागद ओढला. समजा, एक तारा तांबूस दिसतो. तो मुळातच थंड आणि तांबडा असेल, किंवा मुळात पांढराशुभ्र असून वाटेतल्या धुळीने तांबूस झाला असेल. तारा एकच असेल तर याचा निवाडा अवघड असतो. (मला वर्गात नेहमी निघणारा प्रश्न आठवला: ही दुर्बोधता कवीची की नकलकाराची?) म्हणून प्रत्येक ताऱ्याबद्दल एकच उत्तर लिहायचे नाही. त्याचा प्रकार, त्याचे अंतर आणि त्याच्या वाटेतली धूळ यांच्या सगळ्या शक्य जोड्या लिहायच्या, आणि प्रत्येकीपुढे तिची शक्यता. मग त्याच दिशेच्या शेजाऱ्यांना विचारायचे. एका दिशेने दूर दूर जावे तशी मधल्या धुळीची बेरीज वाढतच जाते, कमी कधी होत नाही. हजार प्रकाशवर्षांच्या अलीकडचे तारे स्वच्छ आणि पलीकडचे सगळे तांबूस, असे आढळले तर ढग त्या सुमारास असला पाहिजे. एका ताऱ्याची साक्ष कच्ची, कोट्यवधींची मिळून पक्की.

“आणि जिथे तारेच कमी असतील तिथे?”

“तिथे पूर्वधारणा कामाला येते,” ती म्हणाली. कोणताही पुरावा पाहण्याआधी धुळीविषयी आपण काय धरून चालतो, ते गणितात आधीच लिहावे लागते. धूळ कुठेही शून्याच्या खाली असू शकत नाही. ती जागोजागी प्रचंड कमीजास्त असते. आणि लगतच्या दोन जागांमधली धूळ एकमेकींशी काही नाते राखून असते, एकदम तुटत नाही. इतके धरल्याशिवाय नकाशा निघतच नाही.

मी तिला गाडामरविषयी सांगितले. याच गावात १९४९पासून शिकवणाऱ्या आणि २००२ साली वयाच्या १०२व्या वर्षी इथेच वारलेल्या या माणसाने १९६०च्या आपल्या ग्रंथात पूर्वग्रहाची बाजू घेतली होती. पूर्वग्रह नसलेला वाचक कुठेच नसतो. पूर्वग्रहामुळेच आपण संहितेत शिरू शकतो, आणि संहितेने तो अडवला, दुरुस्त केला, तरच वाचन घडले असे म्हणायचे. जर्मनमधला ‘फोरउर्टाइल’ हा शब्द फोडला तर ‘निवाड्याआधीचा निवाडा’ एवढाच त्याचा अर्थ. भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्याकडे फक्त एक जास्तीची अट आहे. तो निवाडा आधीच लिहून सर्वांसमोर ठेवायचा. म्हणजे पुराव्याने काय सांगितलं आणि आपण काय धरून चाललो होतो, हे वाचणाऱ्याला वेगळं काढता येतं.”

तिने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. एक जुना नकाशा होता. त्यात ढग आपल्या दिशेने लांबट ओढल्यासारखे दिसत होते. सगळीकडून बोटे सूर्याकडे रोखलेली. त्यात सूर्याचा प्रताप काही नाही. ताऱ्याची दिशा अचूक कळते, अंतर तितके अचूक कळत नाही, म्हणून ढग दृष्टिरेषेत ताणले जातात. पाहणारा जिथे उभा आहे तिकडे त्याच्या चुका बोट दाखवतात. नव्या नकाशांत ही बोटे पुष्कळ आखडली आहेत. पुरती गेलेली नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. २०२४चा तो नकाशा एकच नकाशा नाही. कर्त्यांनी सरासरी चित्राबरोबर बारा नमुना-नकाशे दिले आहेत. उपलब्ध पुराव्याशी सुसंगत असे धुळीचे बारा पाठ. जो ढग बाराही नकाशांत त्याच जागी आहे, त्यावर विसंबावे. जो चारांत आहे आणि आठांत नाही, त्यावर सिद्धान्त उभारू नये. धूळ नीट न वाचल्याची किंमत काय असते हे या क्षेत्राने अलीकडेच अनुभवले आहे. मार्च २०१४मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वतरंगांची खूण सापडल्याचे जाहीर केले. २०१५ साली प्लांक उपग्रहाच्या गटाबरोबर केलेल्या एकत्रित विश्लेषणात तो दावा टिकला नाही. त्या खुणेत आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा वाटा मोठा होता.

बारा पाठ म्हटल्यावर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती मला आठवणे अपरिहार्य होते. १९१९ साली संकल्पिलेली, १२५९ हस्तलिखितांच्या आधारे १९६६ साली पुरी झालेली. तीत जिथे संपादकांची खात्री कमी आहे तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली असते. विष्णु सीताराम सुकथनकरांनी पाडलेला हा शिरस्ता. ती नागमोडी रेघ मी तीस वर्षे वर्गात फळ्यावर काढून दाखवली. ‘संपादकाचा प्रामाणिकपणा या रेघेत असतो’ हे माझे ठरलेले वाक्य होते. विद्यार्थिनी ते वहीत उतरवून घेत.

आणि आता लबाडी. आजी जात्यावर ओव्या म्हणे. लिहिणे तिला येत नव्हते. माझ्या आईने त्या एका वहीत शाईने उतरवल्या. पुढे एका पावसाळ्यात वहीवर पाणी गळले आणि काही ठिकाणची शाई फुटली. १९९४ साली मी त्या ओव्यांची छोटी पुस्तिका काढली, तेव्हा सतरा जागी अक्षर लागत नव्हते. मी अर्थ पाहिला, लय पाहिली, आणि सतराही जागा भरून टाकल्या. कंस नाही, टीप नाही, नागमोडी रेघ नाही. आजीची ओवी फाटकी दिसू नये, असे तेव्हा मी स्वतःला सांगितले होते.

काही वर्षांनी माझ्याच एका विद्यार्थिनीचा प्रबंध मला भेट म्हणून आला. त्यातले एक प्रकरण आजीच्या ओव्यांमधल्या माहेराच्या प्रतिमेवर होते. प्रकरण उत्तम लिहिले होते. त्याचा सारा भार तीन ओव्यांवर होता, आणि त्यांपैकी दोन ओव्यांतले ‘माहेर’ माझे होते. मी तिचे अभिनंदन केले आणि गप्प बसले. ते गप्प बसणे भरून टाकलेल्या जागांपेक्षा वाईट, हे मला तेव्हाही कळत होते.

परतल्यावर मी वही काढली. त्या दोन जागी सुरुवातीचा ‘मा’ दिसतो आणि शेवटचा ‘र’ दिसतो, मधे डाग. फूटपट्टीने मोजले. मधली जागा दीड अक्षराची. ‘माहेर’ बसतो, जरा ऐसपैस. ‘माजघर’ही बसतो, जरा दाटीवाटीने. अनुस्वार पाण्यात गेला असे धरले तर ‘मांजर’सुद्धा बसते, आणि आजीच्या घरात मांजरे पुष्कळ होती. जात्यावरची बाई गाणार ती माहेरच गाणार, हा निवाडा मी डाग पाहण्याआधीच केलेला होता, आणि तो इतका घट्ट होता की डागाला काही सांगायला मी जागाच ठेवली नव्हती. आजीचे माहेर तिच्या लहानपणीच प्लेगात उजाड झाले होते. तिचे उभे आयुष्य माजघरात गेले. ‘माजघर’ हा पाठ धरला तर त्या ओव्या निराळ्याच होतात. विरहाच्या राहत नाहीत, हक्काच्या होतात. पण म्हणून ‘माजघर’च खरे, असे मी म्हणणार नाही. तोच उद्योग दुसऱ्यांदा करण्यासारखे ते होईल.

सतराही जागा मी नव्याने तपासल्या. नऊ जागी अक्षरांचे अवशेष आणि ओवीतले इतर शब्द मिळून पुरेशी साक्ष देतात. तिथे शब्द ठेवून खाली नागमोडी रेघ दिली आहे. आठ जागी जागा मोकळी सोडून तळाला शक्य ते शब्द नोंदवले आहेत. त्यांत या दोन्ही जागा आहेत. आणि आरंभीच, जात्यावरच्या ओव्यांविषयी मी काय काय धरून चालते, याचे एक पान लिहिले आहे. ते पान लिहिणे सगळ्यांत अवघड गेले.

त्या विद्यार्थिनीलाही पत्र लिहिले. ती आता स्वतः शिकवते. १९९४चे सारे सांगितले, प्रबंध मिळाल्यावर गप्प बसल्याचेही. रागाचे उत्तर येईल, किंवा येणारच नाही, असे वाटले होते. आठवड्याने आले ते दोन ओळींचे: ‘बाई, वहीच्या त्या पानांची छायाचित्रे पाठवा. डागातली जागा मला स्वतः मोजून पाहायची आहे.’

मी ती पाठवली आहेत. शेजारी फूटपट्टी ठेवून काढली आहेत.